शिकाऊ चालक, विम्याविना वाहन आणि कायदा

सुटीच्या दिवशी सकाळी गावाबाहेरील बाजारपटांगणावर किंवा शहरातील नव्या वसाहतीच्या रिकाम्या रस्त्यावर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. थोरला भाऊ मागे बसलेला असतो आणि धाकटा दुचाकीचा तोल सावरीत पहिले धडे गिरवीत असतो. कोठे वडील शेजारी बसून मुलीला मोटार शिकवीत असतात. घरात वाहन आले की ते चालविण्याची हौस सर्वांनाच वाटते आणि त्यात गैर असे काहीच नाही. शेतीमाल बाजारात नेणे, आजाऱ्यास रुग्णालयात पोहोचविणे, नोकरीच्या ठिकाणी वेळेवर जाणे या सर्व कामांसाठी वाहन चालविता येणे ही आज एक गरजच झाली आहे.

तथापि, या शिकण्याच्या काळात दोन गोष्टींकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे शिकाऊ अनुज्ञप्तीच्या अटी आणि दुसरी म्हणजे वाहनाचा विमा. ‘अजून शिकतोच आहे, विमा पक्का परवाना मिळाल्यावर पाहू’, असे उद्गार वारंवार ऐकू येतात. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. वाहन कोण चालवितो, नवशिका की मुरलेला, यावर विम्याची सक्ती अवलंबून नाही. वाहन सार्वजनिक जागी चाकावर आले की ती सक्ती लागू होते. किंबहुना, ज्याचा हात अद्याप बसलेला नाही त्याच्याकडून चूक होण्याचा संभव अधिक असल्याने त्याच्या बाबतीत विम्याचे महत्त्व अधिकच आहे. यास्तव या विषयासंबंधी कायद्यात कोणत्या तरतुदी आहेत, त्यांचा भंग झाल्यास कोणास कोणती शिक्षा होते आणि शिक्षेपलीकडे कोणते दायित्व अंगावर येते, याची माहिती प्रत्येक कुटुंबाने करून घेणे अगत्याचे आहे.

सक्तीच्या विम्याची पार्श्वभूमी

मोटार वाहनांसंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन अधिनियम आला. रस्त्यावरील तिऱ्हाइताच्या जीविताचा विमा उतरविण्याची सक्ती या अधिनियमाच्या आठव्या प्रकरणात होती व ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. पुढे वाहनांची संख्या व वाहतुकीचे स्वरूप बदलल्याने १९८८ चा नवा मोटार वाहन अधिनियम संमत झाला आणि १ जुलै १९८९ पासून तो लागू झाला. २०१९ साली या अधिनियमात व्यापक सुधारणा करण्यात आल्या. त्यांतील शिक्षेच्या वाढीव तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून, तर विम्यासंबंधीच्या प्रकरणातील नव्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या. महाराष्ट्रात तडजोड शुल्काचे सुधारित दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले.

या सक्तीमागील हेतू समजावून घेतला पाहिजे. हा विमा वाहनाच्या मालकासाठी नाही. तो रस्त्याने चालणाऱ्या, सायकलवरून जाणाऱ्या, थांब्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसासाठी आहे. अपघातात त्याचा प्राण गेला किंवा तो जायबंदी झाला, तर वाहनमालकाची ऐपत असो वा नसो, त्या माणसाच्या कुटुंबास भरपाई मिळावी, ही व्यवस्था कायद्याने केली आहे. म्हणूनच तिला ‘त्रयस्थ पक्षाचा विमा’ असे म्हणतात. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा घेणे न घेणे मालकाच्या मर्जीवर आहे. त्रयस्थ पक्षाच्या विम्याबाबत मात्र अशी मोकळीक नाही.

शिकाऊ अनुज्ञप्ती म्हणजे काय?

अधिनियमाच्या कलम ३ अन्वये परिणामक अनुज्ञप्ती असल्याशिवाय कोणासही सार्वजनिक जागी मोटार वाहन चालविता येत नाही. मग शिकणाऱ्याने शिकावे कसे? त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ ने सवलत दिली आहे. ही सवलत तीन अटींवर अवलंबून आहे.

पहिली अट अशी की, शिकणाऱ्याजवळ मुदतीतील शिकाऊ अनुज्ञप्ती असली पाहिजे. ही अनुज्ञप्ती दिल्याच्या दिनांकापासून सहा महिने चालते.

दुसरी अट अशी की, त्याच्याबरोबर ते वाहन चालविण्याची परिणामक अनुज्ञप्ती असलेली व्यक्ती शिक्षक म्हणून असली पाहिजे आणि तिने वाहनावर ताबा ठेवता येईल किंवा ते थांबविता येईल अशा ठिकाणी बसले पाहिजे. मोटारीच्या मागील आसनावर बसून सूचना देणारा शिक्षक ही अट पुरी करीत नाही. दुचाकी शिकणाऱ्यास शिक्षकाखेरीज अन्य कोणासही मागे बसविता येत नाही.

तिसरी अट वाहनावरील चिन्हाची आहे. वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर असावे. पाटी १८ सेंटिमीटर चौरसाहून लहान नसावी आणि अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड व तळाशी ९ सेंटिमीटर रुंद असावे, असे नियमातच सांगितले आहे. कागदावर पेनाने काढलेले बोटभर अक्षर काचेस चिकटविणे पुरेसे नाही.

या तीन अटींचे स्वरूप नीट ध्यानात घ्यावयास हवे. त्या पाळल्या जात असतील तोवरच कलम ३ मधून सूट मिळते. त्यांतील एक जरी मोडली, तरी ती सूट संपते आणि शिकाऊ अनुज्ञप्ती खिशात असूनही ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालक ठरू शकते. शिकाऊ अनुज्ञप्ती हातात पडताच एकट्याने दुचाकी घेऊन महाविद्यालयात जाणारे अनेक तरुण हे जाणत नाहीत.

वयाच्या अटीबाबतही असाच गैरसमज आढळतो. सर्वसाधारणपणे १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय वाहन चालविता येत नाही. ५० घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेचे इंजिन नसलेली दुचाकी मात्र १६ वर्षांनंतर चालविता येते. १८ वर्षांखालील अर्जदारास बिनगिअरच्या दुचाकीच्या शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी पालकाची लेखी संमतीही द्यावी लागते. परंतु रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या स्कूटरांची क्षमता १०० घन सेंटिमीटरहून अधिक असते. त्यामुळे ‘सोळा पूर्ण झाली, आता स्कूटर चालवावयास हरकत नाही’, हा समज निराधार होय.

‘मैदानावर चालवितो, रस्त्यावर नाही’

विम्याची सक्ती अधिनियमाच्या कलम १४६ मध्ये आहे. त्याचा आशय असा की, त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचे विमापत्र अमलात असल्याखेरीज कोणीही सार्वजनिक जागी मोटार वाहन वापरता कामा नये किंवा दुसऱ्यास वापरू देता कामा नये. प्रवासी म्हणून बसणे एवढेच यातून वगळले आहे.

येथे ‘सार्वजनिक जागा’ या शब्दांना महत्त्व आहे. रस्ता, गल्ली, वाट किंवा जेथे जनतेस जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती रहदारीची असो वा नसो, या व्याख्येत येते. गावाचे बाजारपटांगण, नदीकाठची मोकळी जागा, यात्रेचे मैदान येथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असेल, तर तेथेही विम्याची सक्ती लागू होते. अशाच ठिकाणी मुले खेळत असतात, गुरे चरत असतात आणि नवशिक्याचा पाय ब्रेकऐवजी नेमका वेग वाढविणाऱ्या पट्टीवर पडतो, हे विसरून चालणार नाही.

शिक्षा कोणास व किती?

विम्याविना वाहन चालविण्याच्या अपराधास कलम १९६ अन्वये शिक्षा सांगितली आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही आणि त्यानंतरच्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ४,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सुधारणेपूर्वी दंडाची कमाल मर्यादा १,००० रुपये होती.

या कलमाची शब्दरचना लक्षपूर्वक वाचली पाहिजे. जो वाहन चालवितो तो, जो चालवावयास लावतो तो आणि जो चालवू देतो तो, असे तिघेही त्याच्या कक्षेत येतात. म्हणजेच एका फेरीबद्दल शिकणारा व वाहनमालक या दोघांवरही स्वतंत्रपणे कारवाई होऊ शकते. ‘गाडी माझी नाही, विम्याचे मला काय ठाऊक?’ हा बचाव कायद्याने केवळ पगारी चालकास दिला आहे, आणि तोही विमा नसल्याचे त्यास माहीत नसेल व तसे मानण्यास कारण नसेल तरच. मित्राचे किंवा नातलगाचे वाहन शिकण्यासाठी घेणाऱ्यास ही सवलत मिळत नाही. त्याने वाहनास हात लावण्यापूर्वी विमापत्र पाहिलेच पाहिजे.

अनुज्ञप्तीच्या अटींचा भंग हा वेगळा अपराध आहे. कलम ३ किंवा ४ चे उल्लंघन करून वाहन चालविणाऱ्यास कलम १८१ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा व्यक्तीच्या हाती वाहन देणाऱ्या मालकास वा ताबेदारास कलम १८० अन्वये तेवढीच शिक्षा सांगितली आहे.

सर्वांत कडक तरतूद अल्पवयीनांबाबत आहे. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने मोटार वाहनाचा अपराध केल्यास त्याचा पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत शिकाऊ वा पक्की अनुज्ञप्ती नाही, असे तिचे परिणाम आहेत. अल्पवयीनाजवळ योग्य अनुज्ञप्ती असेल आणि ती ज्या वाहनासाठी आहे तेच वाहन तो चालवीत असेल, तर पालकावर ही जबाबदारी येत नाही. अपराध आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे पालकास सिद्ध करता आल्यासही त्यास या शिक्षेतून सुटका मिळू शकते.

चार प्रसंग

वरील तरतुदींचा एकत्रित परिणाम उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल.

पहिल्या प्रसंगी शिकणाऱ्याजवळ शिकाऊ अनुज्ञप्ती आहे, शिक्षक योग्य जागी बसला आहे, ‘एल’ची पाटी लावली आहे आणि वाहनाचा विमा चालू आहे. येथे कायद्याचा कोणताही भंग नाही. शिकणाऱ्याने निर्धास्तपणे शिकावे.

दुसऱ्या प्रसंगी सर्व अटी पाळल्या आहेत, परंतु विम्याची मुदत आठवड्यापूर्वी संपली आहे. अनुज्ञप्तीबाबत काही दोष नसला, तरी कलम १९६ लागू होते. मुदत एक दिवसाने संपली काय किंवा एक वर्षाने संपली काय, कायद्याच्या दृष्टीने विमा नाही तो नाहीच.

तिसऱ्या प्रसंगी विमा चालू आहे, परंतु शिकणारा एकटाच वाहन घेऊन निघाला आहे. येथे कलम १८१ व मालकावर कलम १८० यांची कारवाई संभवते. शिवाय अपघात घडल्यास विमा कंपनी अटींच्या भंगाचा मुद्दा उपस्थित करू शकते.

चौथा प्रसंग सर्वांत वाईट आणि दुर्दैवाने विरळा नसलेला. शिकणारा एकटा आहे, पाटी नाही आणि विमाही नाही. त्याच्यावर ५,००० व २,००० आणि वाहन देणाऱ्या भावावरही ५,००० व २,००० अशी दंडाची आकारणी झाली, तर एका फेरीची किंमत १४,००० रुपयांवर जाते. प्रकरण न्यायालयात गेल्यास कारावासाची शक्यता वेगळीच.

दंडापेक्षा मोठे दायित्व

दंडाची रक्कम भरून बहुतेकांना प्रकरण मिटले असे वाटते. अपघात घडला नसेल तोवर ते खरेही असते. परंतु अपघातात कोणी दगावल्यास दंडाची रक्कम ही त्यापुढील दायित्वाच्या मानाने नगण्य ठरते.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण नुकसानभरपाई कशी ठरविते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, विमा नसलेल्या दुचाकीवर शिकत असलेल्या तरुणाच्या चुकीमुळे ३२ वर्षांच्या एका गवंड्याचा मृत्यू झाला. त्याचे मासिक उत्पन्न १२,००० रुपये होते आणि पत्नी, दोन मुले व आई अशी चार माणसे त्याच्यावर अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ साली घालून दिलेल्या तत्त्वांनुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवितात. म्हणजे १६,८०० रुपये झाले. अवलंबून असलेली माणसे चार असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चासाठी एकचतुर्थांश वजा करतात. राहिले १२,६०० रुपये, म्हणजे वर्षाचे १,५१,२०० रुपये. ३१ ते ३५ वयोगटासाठी गुणक १६ आहे. त्याने गुणिले असता रक्कम २४,१९,२०० रुपये होते. अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी इत्यादी रकमा व व्याज याखेरीज.

वाहनाचा विमा असता तर ही रक्कम विमा कंपनीने दिली असती. विमा नसल्याने ती चालक व मालक यांच्या डोक्यावर येते. न्यायाधिकरणाने दिलेली रक्कम न भरल्यास कलम १७४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र पाठविले जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे तिची वसुली होते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे अशा शेतकऱ्यास या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आणि दुसऱ्या बाजूचा विचारही केला पाहिजे. चालक व मालक यांच्यापाशी काहीच मालमत्ता नसेल, तर त्या गवंड्याच्या विधवेच्या हाती न्यायाधिकरणाचा निकाल येतो, पैसा येत नाही. वाहनाचा पत्ता न लागल्यास मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. परंतु ती पळून गेलेल्या अज्ञात वाहनासाठी आहे, विमा न उतरविलेल्या ज्ञात वाहनासाठी नव्हे. विम्याविना वाहन चालविणारा माणूस केवळ शासनाचा नियम मोडत नाही. तो एका अनोळखी कुटुंबाचा आधार आधीच काढून घेऊन रस्त्यावर उतरलेला असतो.

निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दलचा फौजदारी खटला याहून वेगळा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. शिकाऊ असणे हा त्यात बचाव होऊ शकत नाही.

या सर्व दायित्वापुढे विम्याचा हप्ता किती, हेही पाहण्यासारखे आहे. १ जून २०२२ पासून ठरविण्यात आलेल्या दरांनुसार ७५ ते १५० घन सेंटिमीटरच्या दुचाकीसाठी त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये, तर १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीसाठी २,०९४ रुपये होता. कर वेगळा. दुचाकीसाठी दिवसाला दोन रुपयेही पुरे पडतात, असा याचा अर्थ होतो.

शिकाऊ चालकास विमा लागू असतो काय?

‘शिकाऊ माणसाच्या हातून अपघात झाला तर कंपनी पैसे देतच नाही, मग विमा कशाला?’ असा प्रश्न काहीजण करतात. हाही गैरसमजच होय. खाजगी वाहनाच्या विमापत्रातील चालकासंबंधीच्या कलमात परिणामक शिकाऊ अनुज्ञप्ती धारण करणाऱ्या व नियम ३ च्या अटी पाळणाऱ्या व्यक्तीस वाहन चालविण्याची स्पष्ट मुभा असते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ५ जानेवारी २००४ रोजी नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या प्रकरणात शिकाऊ अनुज्ञप्ती हीदेखील अनुज्ञप्तीच असल्याचे मान्य केले आणि अपघातसमयी वाहन शिकाऊ अनुज्ञप्तीधारक चालवीत असल्यास त्रयस्थ पक्षाच्या भरपाईचे दायित्व विमा कंपनीवर राहील असे ठरविले. सारांश, विमा शिकणाऱ्यासही संरक्षण देतो. मात्र तो चालू असला पाहिजे आणि शिकणाऱ्याने अटी पाळल्या पाहिजेत.

दुचाकीवर मागे बसलेल्या शिक्षकासंबंधी एक बाब लक्षात ठेवावी. केवळ त्रयस्थ पक्षाचे विमापत्र असेल, तर खाजगी दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला होता. त्यामुळे विमा घेतेवेळी मागे बसणाऱ्याची जोखीम त्यात समाविष्ट आहे किंवा नाही, हे विचारून घ्यावे व नसल्यास जादा हप्ता देऊन ती समाविष्ट करावी.

विमा नकळत खंडित कसा होतो?

बुद्धिपुरस्सर विमा न उतरविणारे असतात, तसेच विमा आहे अशा समजुतीत वावरणारेही पुष्कळ असतात. त्याची काही कारणे ठळक आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारीसाठी तीन वर्षांचा व नवीन दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे दरवर्षी नूतनीकरण करण्याची सवय मोडते. पाच वर्षे सरतात, विक्रेत्याने दिलेली कागदपत्रे कपाटात पडून राहतात आणि नेमक्या त्याच सुमारास घरातील धाकटे मूल वाहन शिकण्याच्या वयास येते. अशा विमापत्रावर अनेकदा दोन मुदती असतात. एक स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची आणि दुसरी त्रयस्थ पक्षाची. कायद्याने सक्तीची आहे ती दुसरी. दोन्ही दिनांक स्वतंत्रपणे पाहावेत.

शिकण्यासाठी म्हणून जुने वाहन विकत घेण्याची प्रथा आहे. वाहनाच्या हस्तांतरणाबरोबर विमापत्रही नव्या मालकाकडे गेले असे कायदा मानतो, परंतु नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावातील बदलासाठी अर्ज करावयाचा असतो. नोंदणीपुस्तकातील नाव बदलणेही तितकेच आवश्यक आहे. वाहन विकूनही ज्याचे नाव नोंदणीत राहिले, त्यासच मालक समजून भरपाईसाठी जबाबदार धरण्यात यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले आहे. वाहन विकणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे.

हप्ता भरल्याखेरीज विमा कंपनीवर जोखीम येत नाही, हे विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४व्हीबी मधील तत्त्व आहे. विमापत्रावर वेळ नमूद असेल, तर संरक्षण त्या वेळेपासूनच सुरू होते. सकाळी अपघात झाला आणि दुपारी धावत जाऊन विमा उतरविला, याचा काहीही उपयोग होत नाही.

नागरिकांनी घ्यावयाची दक्षता

प्रशिक्षणासाठी शक्यतो अनुज्ञप्तीप्राप्त मोटार प्रशिक्षण शाळेची निवड करावी. अशा शाळेच्या मोटारीस शिक्षकापाशीही ब्रेक वगैरे नियंत्रणे बसविलेली असतात. शिकावयास बसण्यापूर्वी त्या वाहनाचेही विमापत्र पाहावयास मागण्यात संकोच बाळगू नये.

घरच्या वाहनावर शिकावयाचे असल्यास प्रथम विमापत्र हाती घ्यावे. त्यावरील नोंदणी क्रमांक, इंजिन व चॅसिस क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतात काय, मुदत कोणत्या दिनांकास संपते आणि विमा कोणत्या प्रकारचा आहे, या गोष्टी तपासाव्यात. कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या शासकीय सुविधांद्वारे भ्रमणध्वनीवर ठेवल्यास ती तपासणीच्या वेळी ग्राह्य धरली जातात. विम्याची मुदतही तेथे पाहता येते.

शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते आणि सहा महिन्यांनंतर शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत संपते. या दोहोंमधील काळातच चाचणीचा दिवस निश्चित करावा. मुदत संपलेली शिकाऊ अनुज्ञप्ती बाळगून वाहन चालविणे म्हणजे अनुज्ञप्तीविनाच चालविणे होय.

दुर्दैवाने अपघात झालाच, तर पळून जाऊ नये. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांस कळविणे व विमा कंपनीस माहिती देणे ही चालकाची कर्तव्ये अधिनियमाच्या कलम १३४ मध्ये सांगितली आहेत. दंडाचे व हप्त्याचे आकडे वेळोवेळी बदलत असतात. त्यामुळे चालू दरांसंबंधी जवळच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात अथवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर चौकशी करावी.

मुलास वा मुलीस वाहन शिकविणे हे आज घरोघरी वडीलधाऱ्यांचे काम झाले आहे. क्लच केव्हा दाबावा, वळणावर वेग किती ठेवावा, हे ते आवर्जून शिकवितात. त्या धड्यांच्या आधी आणखी एक धडा असावा. वाहन सुरू करण्यापूर्वी विमापत्र उघडून त्यावरील दिनांक शिकणाऱ्यानेच मोठ्याने वाचावा. त्यास अर्धा मिनिट लागतो. दिनांक उलटून गेला असेल, तर त्या दिवशीचा पाठ तेथेच थांबवावा आणि आधी विमा उतरवावा. रस्त्यावरील अनोळखी माणसाविषयी आपले काही कर्तव्य आहे, ही जाणीव ज्याच्या मनात पहिल्याच दिवशी रुजली, तो पुढे चांगला चालक होईल यात शंका नाही.